चक्रीफूल, ज्येष्ठमध आणि विषाणू

मराठी कुटुंब इंदुरास असो, बडोद्यास असो, हैदराबादेस असो की कोकणातील एखाद्या खेड्यात असो, त्याच्या घरी दोन वस्तू बहुधा सापडतात. एक म्हणजे मसाल्याच्या डब्यातील आठ पाकळ्यांचे चक्रीफूल, ज्यास काही घरी बाद्यान म्हणतात; आणि दुसरी म्हणजे औषधाच्या फळीवरील ज्येष्ठमधाची काडी. चक्रीफूल हे नावाने फूल असले तरी वस्तुतः ते एका सदाहरित वृक्षाचे वाळलेले फळ होय. ज्येष्ठमध हे एका झुडपाचे मूळ. घसा बसला की गवयापासून शाळामास्तरांपर्यंत सर्वांना त्याची आठवण होते.

ह्याच दोन वस्तू चीनच्या पारंपरिक औषधालयातही शतकानुशतके मानाने नांदत आल्या आहेत. चिनी भाषेत पहिलीस ‘बाजियाओ’ म्हणजे आठ शिंगे, आणि दुसरीस ‘गानत्साओ’ म्हणजे गोड गवत असे म्हणतात. चिनी ज्येष्ठमधाची जात आपल्याकडील जातीहून थोडी निराळी; परंतु दोहोंस गोडी देणारे द्रव्य एकच.

अशा वनस्पती विषाणूंचा नाश करतात, असे अलीकडे वारंवार कानी येते. ह्या विधानात सत्याचा अंश निश्चित आहे. तो किती आहे आणि कोठे संपतो, हे वाचकांपुढे मांडावे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. घरातील कोणी तापाने फणफणले असता काढ्यावर विसंबून राहावे की दवाखाना गाठावा, ह्या विचारात पुष्कळदा दोन दिवस निघून जातात. आणि काही आजारांत तेच दोन दिवस सर्वांत मोलाचे असतात.

प्रथम परंपरेविषयी. ली शिझेन ह्या थोर चिनी वैद्याचा औषधिकोश १५९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,८९२ औषधी द्रव्यांचे वर्णन असून सुमारे ११,००० योग दिलेले आहेत. निरीक्षणाचा एवढा मोठा साठा कोणत्याही काळी आदरास पात्र ठरावा. परंतु ली शिझेन ह्यांस किंवा त्यांच्या पूर्वसूरींस विषाणू ठाऊक नव्हता, आणि असणे शक्यही नव्हते. अशा सूक्ष्म रोगकारकाची पहिली चाहूल जगास १८९२ साली तंबाखूच्या पानांवरील एका रोगाच्या अभ्यासातून लागली. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती आला तो १९३३ साली. जुने वैद्य ‘उष्णता’ आणि ‘वारा’ ह्या संज्ञांनी विचार करीत. यास्तव एखादी वनस्पती तापात हजार वर्षे दिली गेली, एवढ्यावरून ती विषाणूवर चालते असे ठरत नाही. ती ताप उतरवीत असेल, घसा शमवीत असेल, किंवा चार दिवसांत आपोआप बऱ्या होणाऱ्या पडशाचे श्रेय तिच्या पदरी पडत असेल. परंपरा कोठे शोधावे हे सांगते. काय सापडले हे मात्र शोधूनच कळते.

आता विषाणूकडे वळू. विषाणूस स्वतःचा संसार नसतो. तो आपल्या पेशीत शिरतो, तिचीच यंत्रणा राबवून आपल्या असंख्य प्रती काढवितो, आणि बाहेर पडून नव्या पेशी गाठतो. शिरताना, प्रती निघत असताना आणि बाहेर पडताना, अशा तीन ठिकाणी त्यास अडविता येते. अडचण अशी की हे सर्व आपल्याच पेशीत चालते. म्हणून विषाणूस अडवील पण पेशीस सोडील असे द्रव्य हवे असते. वनस्पतींत अशी द्रव्ये सापडण्याचा संभव असतो, कारण वनस्पतीस शत्रूपासून पळता येत नाही. कीड, बुरशी, जंतू ह्यांना तोंड देण्यासाठी ती उभ्या जागी नाना प्रकारची संयुगे तयार करते, आणि त्यांतील काही माणसाच्या रोगांवरही उपयोगी पडतात.

ज्येष्ठमधाचेच उदाहरण घ्या. त्याची गोडी ज्या द्रव्यामुळे आहे त्याचे नाव ग्लिसिरायझिन. ते विषाणूंची वाढ रोखते, असे इटालियन संशोधकांनी १९७९ साली ‘नेचर’ ह्या विख्यात नियतकालिकात नोंदविले. पुढे नोव्हेंबर २००२ मध्ये चीनच्या ग्वांगडुंग प्रांतात सार्स ह्या भयंकर श्वसनरोगाने डोके वर काढले. त्या साथीत जगभर ८,०९६ लोक आजारी पडले व ७७४ दगावले. ग्वांगडुंगमधील लोकांनी भयाने ‘बानलानगेन’ नावाचे औषधी मूळ आणि पांढरा व्हिनेगर ह्यांच्यासाठी दुकानांवर गर्दी केली. त्याच २००३ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील शास्त्रज्ञांनी सार्सच्या रुग्णांपासून मिळविलेला विषाणू काचपात्रातील पेशींवर वाढवून त्यावर पाच द्रव्ये वापरून पाहिली. त्या पाचांत ज्येष्ठमधाचे ग्लिसिरायझिन सर्वांत प्रभावी ठरले. वार्ता अर्थातच जगभर पसरली.

परंतु त्या शोधनिबंधातील एक आकडा वार्तेबरोबर फारसा प्रवास करू शकला नाही. विषाणूची वाढ निम्म्यावर आणण्यास दर लिटर द्रवात सुमारे ३०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन लागले होते. प्रौढ माणसाच्या अंगी सुमारे ५ लिटर रक्त असते. म्हणजे केवळ रक्तातच तेवढे प्रमाण राखावयाचे म्हटले तरी १,५०० मिलिग्रॅम द्रव्य एकाच वेळी, आणि तेही सतत, असावयास हवे. उर्वरित शरीराचा हिशेब निराळाच. ह्याउलट, युरोपीय संघाच्या खाद्यविषयक शास्त्रीय समितीने २००३ साली निरोगी प्रौढाने दिवसाकाठी घ्यावयाची मर्यादा १०० मिलिग्रॅम इतकीच सुचविली. शिवाय तोंडाने घेतलेले ग्लिसिरायझिन बहुतांशी रक्तात जसेच्या तसे पोहोचतच नाही; आतड्यातील जंतू त्याचे रूपांतर दुसऱ्या द्रव्यात करून टाकतात. जपानमध्ये हेच द्रव्य दीर्घ यकृतदाहाच्या रुग्णांस अनेक दशके दिले गेले ते शिरेतून, आणि वैद्यकीय देखरेखीखाली. कपभर काढ्याची तुलना त्याच्याशी होऊ शकत नाही.

मर्यादा १०० मिलिग्रॅमची का, हेही वाचकांनी जाणून घ्यावे. आतड्यात तयार होणारे ते दुसरे द्रव्य मूत्रपिंडातील एका विकरास, म्हणजे एन्झाइमास, अडविते. त्यायोगे शरीरात मीठ व पाणी साचते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते, रक्तदाब चढतो आणि क्वचित हृदयाची लय बिघडते. घसा खवखवतो म्हणून कधीमधी चघळलेल्या काडीने असे काही होत नाही. परंतु साथीच्या दिवसांत प्रतिबंधक म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमधाचा कडक काढा घेणाऱ्या, आणि आधीच रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या वडीलधाऱ्या माणसांस तो धोका खरा आहे.

येथे काचपात्रातील प्रयोगाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. काचपात्रात विषाणू मारणे तितकेसे अवघड नसते. साबणाचे पाणीही करोना विषाणूचा नाश करते. म्हणून ते कोणी पीत नाही. काही द्रव्ये विषाणूस मारताना पेशीसही मारतात. वनस्पतींतील कित्येक तुरट द्रव्ये तर अशी असतात की ती वाटेल त्या प्रथिनास चिकटतात आणि जवळजवळ प्रत्येक चाचणीत उत्तीर्ण झाल्याचा भास निर्माण करतात. यास्तव काचपात्रातील यश हे संशोधनाचे आमंत्रण होय. त्यापुढे द्रव्य शरीरात शोषले जाते का, योग्य स्थळी योग्य प्रमाणात पोहोचते का, टिकते का, अपाय करते का, आणि शेवटी ते घेणारा रुग्ण न घेणाऱ्याहून खरोखर लवकर व अधिक प्रमाणात बरा होतो का, ह्या पायऱ्या एकामागून एक चढावयाच्या असतात. बहुसंख्य द्रव्ये वाटेतच गळतात.

हा फरक लक्षात न आल्यास काय घडते, ते चीनमध्येच ३१ जानेवारी २०२० च्या रात्री दिसले. वुहान शहरात कोविडचा कहर चालू होता. शांघाय येथील मटेरिया मेडिका संस्था आणि वुहान येथील विषाणुशास्त्र संस्था ह्यांना ‘श्वांगह्वांगल्यान’ नावाचे पातळ औषध नव्या विषाणूस रोखू शकते असे प्राथमिक संशोधनात आढळले, अशी बातमी सरकारी वृत्तसंस्थेने दिली. हे औषध तीन वनस्पतींचे: पांढरे उमलून पुढे पिवळे होणारे ‘सोने-चांदीचे फूल’, ह्वांगछिन ह्या वनस्पतीचे पिवळे मूळ, आणि ल्यानछ्याव ह्या झुडपाचे फळ. ज्या रात्री गर्दी टाळा असे सरकार लोकांना विनवीत होते, त्याच रात्री औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या आणि साठे संपले. दुसऱ्याच दिवशी सरकारी वृत्तपत्रास खुलासा करावा लागला की रोखणे म्हणजे प्रतिबंध करणे वा बरे करणे नव्हे. एका क्रियापदाच्या अर्थासाठी माणसे थंडीत, साथीच्या ऐन भरात, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

मूळ संशोधन खोटे होते असे मात्र कोणी समजू नये. ह्वांगछिनच्या मुळात बायकॅलेइन नावाचे द्रव्य असते. करोना विषाणू आपली प्रथिने प्रथम एका लांब साखळीच्या रूपाने तयार करवितो आणि मग एका विकराच्या कात्रीने तिचे योग्य तुकडे करतो. बायकॅलेइन त्या कात्रीच्या पात्यांत नेमके कसे बसते, ह्याचे चित्र शास्त्रज्ञांनी २०२० सालीच स्फटिकाच्या अभ्यासातून मिळविले. उणीव निराळ्या ठिकाणी आहे: पोटात गेलेले बायकॅलेइन शरीर त्वरेने दुसऱ्या रूपात बदलून टाकते. त्याच कात्रीवर चालणारे निर्माट्रेल्व्हिर हे औषध प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या घडविले गेले, आणि ते शरीरात टिकावे म्हणून जोडीस दुसरे औषध द्यावे लागते. लस न घेतलेल्या व धोका अधिक असलेल्या रुग्णांवरील चाचणीत, वेळीच दिले असता, त्याने रुग्णालयात दाखल होण्याचे वा मृत्यूचे प्रमाण सुमारे ८९ टक्क्यांनी घटविले. लक्ष्य तेच, परंतु एकाने सर्व पायऱ्या चढून दाखविल्या, दुसरे अद्याप खालच्या पायरीवर आहे.

रुग्णांवरील चाचणी झाली म्हणजे सर्व प्रश्न मिटतात असेही नाही. ‘ल्यानहुआ छिंगवेन’ ह्या तेरा घटकांच्या चिनी औषधाची कोविडच्या २८४ रुग्णांवर २०२० साली चाचणी घेण्यात आली. निम्म्यांस नेहमीचे उपचार आणि निम्म्यांस त्याबरोबर हे औषध देण्यात आले. लक्षणे ओसरण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ९१.५ टक्के व इतरांत ८२.४ टक्के आढळले. परंतु कोणास औषध मिळत आहे हे रुग्ण आणि वैद्य दोघांनाही ठाऊक होते. आणि औषध मिळाल्याच्या जाणिवेनेच माणसास पुष्कळ बरे वाटते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. शरीरातून विषाणू नाहीसा होण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. तेव्हा ह्या औषधाने रुग्णास कदाचित आराम पडत असेल. त्यास विषाणूनाशक म्हणणे मात्र ह्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही.

आता आपल्या मसाल्याच्या डब्याकडे परत येऊ. चक्रीफुलात शिकिमिक आम्ल विपुल असते. हे आम्ल प्रथम १८८५ साली चक्रीफुलाच्या जपानी भाऊबंदातून वेगळे करण्यात आले, आणि त्या वृक्षाच्या ‘शिकिमी’ ह्या जपानी नावावरूनच त्यास नाव मिळाले. इन्फ्लुएन्झावरील ओसेल्टामिव्हिर हे औषध, जे टॅमिफ्लू ह्या नावाने सर्वपरिचित आहे आणि १९९९ साली अमेरिकेत मान्यता पावले, ते तयार करण्यास शिकिमिक आम्ल हा आरंभीचा कच्चा माल ठरला. चीनच्या ग्वांगशी प्रांतातील चक्रीफुलांना त्यामुळे २००५ च्या बर्ड फ्लूच्या भयात एकाएकी मोठी मागणी आली. पुढे जंतूंच्या साहाय्याने आंबवूनही हे आम्ल मिळविता येऊ लागले. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा ह्याच गोळ्या सरकारी रुग्णालयांतून दिल्या जात होत्या.

ह्यावरून चक्रीफुलाचा काढा फ्लूवर चालतो असा निष्कर्ष काढणे म्हणजे कापूस पांघरून थंडी भागविण्यासारखे आहे. शिकिमिक आम्ल स्वतः इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचे काही बिघडवीत नाही. त्यावर अनेक रासायनिक संस्कार झाल्यावर जो नवा रेणू तयार होतो, तो विषाणूस पेशीतून सुटू देत नाही. आणि एवढ्या सायासाने सिद्ध झालेल्या औषधाची शक्ती तरी किती? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यानुसार त्याने प्रौढांची लक्षणे सरासरीने सुमारे १७ तास आधी उतरू लागतात. तेही औषध लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले तर विशेष. आरंभी ज्या दोन दिवसांचा उल्लेख केला ते हेच.

चक्रीफुलाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. त्याचा उपरोक्त जपानी भाऊबंद दिसण्यात अगदी तसाच, परंतु विषारी आहे. त्यातील अॅनिसॅटिन ह्या विषाने झटके येतात. पोटदुखीवर म्हणून तान्ह्या मुलांस चक्रीफुलाचे पाणी पाजल्याने अमेरिकेत मुले आजारी पडली, तेव्हा तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली जाहीर इशारा दिला होता. मसाल्यातील एखाद्या पाकळीस कोणी भिऊ नये. पण तान्ह्या बाळास असा काढा कदापि देऊ नये.

मग जुन्या ग्रंथांतून काहीच हाती लागत नाही काय? लागते, आणि त्याचे सर्वांत उज्ज्वल उदाहरणही चीनचेच आहे. ते विषाणूचे नसून हिवतापाचे, म्हणजे एका सूक्ष्म परजीवीचे आहे. तरी त्यातील धडा आपल्या विषयास लागू पडतो. १९६७ साली चीनमध्ये हिवतापावरील औषधाचा शोध सरकारी पातळीवर सुरू झाला. पुढे तू यूयू ह्या विदुषींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या ग्रंथांतून आणि वैद्यांकडून सुमारे २,००० कृती गोळा केल्या. छिंगहाव ह्या वनस्पतीचा अर्क प्रयोगात कधी उपयोगी पडे, कधी मुळीच पडत नसे. तेव्हा चौथ्या शतकातील गे हुंग ह्या वैद्याच्या पुस्तिकेत ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून तिचा रस घ्यावा असे लिहिलेले त्यांच्या ध्यानी आले. उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण नाहीसा होत असावा, असा तर्क करून त्यांनी कमी तापमानास उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि १९७१ साली तो उंदीर व माकडे ह्यांच्यावर पूर्ण यशस्वी झाला. १९७२ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला. नंतरच तो रुग्णांस देण्यात आला. त्यातून वेगळे केलेले आर्टेमिसिनिन हे द्रव्य आज हिवतापाच्या उपचाराचा आधार आहे, आणि तू यूयू ह्यांस २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विशेष असे की, एवढे होऊनही जागतिक आरोग्य संघटना त्या वनस्पतीचा चहा हिवतापावर घेऊ नये असेच सांगते, कारण त्यात औषधाचे प्रमाण अनिश्चित व अपुरे राहते, आणि अपुऱ्या औषधाने परजीवी निगरगट्ट होतो. परंपरेचा मान कसा राखावा, हे तू यूयू ह्यांनी दाखविले: जुने वचन त्यांनी मनःपूर्वक वाचले आणि मग निष्ठुरपणे पारखले.

वाचकहो, ह्या साऱ्याचा घरच्या व्यवहाराशी संबंध थोडक्यात असा आहे. घसा दुखत असता ज्येष्ठमध चघळावे, गरम पेय घ्यावे. त्याने आराम पडतो, आणि आरामही मोलाचा असतो. परंतु दम लागणे, छातीत दुखणे, तीन दिवसांहून अधिक टिकणारा ताप, मूल मलूल होऊन दूध वा पाणी न घेणे, ह्यांपैकी काहीही दिसल्यास काढा उकळण्यात वेळ दवडू नये. घरात वृद्ध, गर्भवती, तान्हे बाळ किंवा मधुमेह-हृदयरोगाचा रुग्ण असल्यास तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्तदाब असलेल्यांनी व गर्भवतींनी ज्येष्ठमध नित्य घेऊ नये. जो काही काढा वा चूर्ण चालू असेल ते डॉक्टरांस निःसंकोच सांगावे. ‘ते काय, घरचेच आहे’ म्हणून वगळू नये.

आणि अमुक वनस्पती विषाणू मारते अशी बातमी वाचनात आली, तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ते कोठे दिसून आले: काचपात्रात, प्राण्यांत की माणसांत? किती प्रमाण लागले, आणि तेवढे आपल्या शरीरात सुखरूप पोहोचू शकते काय? आणि ते घेणाऱ्यांची तुलना न घेणाऱ्यांशी निःपक्षपातीपणे झाली काय? घरातील शाळकरी मुलांनाही हे प्रश्न शिकवावेत. पुढची साथ केव्हा येईल हे कोणासच सांगता येत नाही. परंतु ती येईल त्या रात्री औषधाच्या दुकानापुढील रांगेत उभे राहावे की नाही, हे ज्या घरात हे प्रश्न विचारले जातात त्या घरास ठरविता येईल.